बापजींचं दुसरं तप

बापजी बसत नसत. जेवताना नाही, पोथी ऐकताना नाही, अंगात ताप असला तरी नाही आणि झोपेतसुद्धा नाही. महादेवाच्या देवळापुढच्या निंबाच्या फांदीला दोन दोरखंड बांधून त्यांत एक फळी अडकवलेली होती. झोक्यासारखी, पण छातीच्या उंचीला. त्या फळीवर एक चपटी उशी. तिच्यावर हात आणि डोकं टेकवून बापजी उभ्याउभ्याच झोप घेत. खडेश्वरी व्रत म्हणतात याला. एक तप, म्हणजे बारा वर्षं, पायांवर राहायचं. तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावाला स्वतःचं चांगलं नाव होतं, पण एस.टी.चे कंडक्टरसुद्धा 'उभ्या बापजींचं गाव' म्हणूनच तिकीट देत.

हे ऐकलं की लोकांच्या मनात पहिला प्रश्न एकच येतो, आणि तो विचारताना ते आवाज खाली आणतात. म्हणून आधीच सांगून टाकते. देवळामागे पत्र्याचा आडोसा होता. बापजी तिथवर चालत जात आणि सगळं उभ्यानेच उरकत. चालायला मनाई नव्हती, मनाई होती ती बसायला आणि आडवं व्हायला. झालं समाधान? आता पुढे चला.

मी त्या गावच्या उपकेंद्रात नर्स म्हणून गेले तेव्हा बापजींचं दुसरं वर्ष चालू होतं. बदली होऊन आता धडगावला आलेय, डोंगरातल्या बायकांची बाळंतपणं करतेय, तरी कुणाचे सुजलेले पाय पाहिले की मला ते निंबाचं झाड आठवतं. पहिल्याच आठवड्यात गावचे सरपंच आप्पा मला घेऊन गेले. मी बापजींचे पाय पाहिले. केळीच्या खांबासारखे गुडघ्यापासून खाली एकसारखे सुजलेले. बोटाने दाबलं तर खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. घोट्याजवळ जखमा, त्यांवर कुणी हळद थापलेली, कुणी विभूती. मी खालीच बसले, सगळं धुतलं आणि माझ्या स्वभावाप्रमाणे तोंड सोडलं. हे असं चालणार नाही, दिवसातून चार तास तरी पाय वर करून पडायला हवं, वगैरे. बापजींनी वरून ऐकून घेतलं. उंच माणूस, दाढी छातीपर्यंत, डोळे हसरे.

"माहेर कोठलं तुन्हं?" त्यांनी विचारलं.

"रनाळं."

"मंग ऐक, रनाळेवाली. पट्टी बांधानं काम तुन्हं. उपदेश देवानं काम मन्हं."

तेव्हापासून मी त्यांच्यासाठी रनाळेवालीच झाले. रोज दुपारी चारला पट्टी बांधायला जायची. बाकी सगळे त्यांच्या पायांवर डोकं ठेवून निघून जात. त्या पायांकडे नीट बघणारी गावात मी एकटी होते.

हा माणूस उभा कसा राहिला, ते मला भाभींनी सांगितलं. भाभी म्हणजे बापजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ गेल्यावर केळीचा मळा त्याच बघत, आणि रोज दोन्ही वेळचं ताटही त्याच घेऊन येत. बापजी तरुणपणी पट्टीचे पोहणारे होते. एकदा पुरात तापी ओलांडून गेले आणि परत होडीने आले. कुणीतरी म्हणालं, "एकच बाजूनी पवना ना." त्याबरोबर हे कपडे काढून पुन्हा पाण्यात, आणि जाऊन-येऊन दोन्ही बाजूंनी पोहून दाखवलं. पुढे नर्मदेची परिक्रमा करून आले. महाशिवरात्रीच्या पारण्याच्या पंगतीत कुणी चेष्टेनं बोललं की साधू झाला तरी जेवायला मांडी घालावीच लागते. बापजी पानावरून उठले. "घे, आते बारा वरीस बठाव नही." चेष्टा करणारा घरी जाऊन झोपला. हे उभेच राहिले. भाभी सांगायच्या आणि कपाळाला हात लावायच्या. "याले ल्हानपनपाईन हारता येस नही."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "जो बठना, तो इसरना." बसला की माणूस देवाला विसरतो. कीर्तनाला आलेल्यांना ते ऐकवत, आणि मांड्या घालून बसलेले लोक चोरासारखे अंग आवरून घेत. आप्पांनी ते वाक्य रंगवून फाट्यावर फलकच लावला होता. त्यावर बापजींचा फोटो, खाली वर्षांचा आकडा. दर शिवरात्रीला पेंटर येऊन आकडा बदलून जायचा.

गर्व नव्हता असं कोण म्हणेल? चांगला शिगोशीग होता. एकदा हात वर धरून राहण्याचं व्रत घेतलेला एक साधू मुक्कामाला आला. बोटांची नखं वाढून वळलेली, हात वाळलेल्या फांदीसारखा. गाव तिकडे लोटलं. त्या दिवशी पट्टी बांधताना बापजी एक अक्षर बोलले नाहीत. शेवटी त्या साधूलाच बोलावून घेतलं.

"कितला वरीस व्हयनात?"

"सात."

"बरं शे. पन हात वर करीसन बठता येस."

साधू दुसऱ्याच दिवशी सकाळच्या गाडीने अक्कलकुव्याकडे निघून गेला. बापजींनी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. मी हसले तर ते पण हसले. हेच तर त्यांचं होतं. स्वतःचा लबाडपणा पकडला गेला की माणूस लहान मुलासारखा खूश व्हायचा. अशा माणसावर रागावायचं तरी कसं?

पण सहाव्या-सातव्या वर्षी हे हसणं कमी होत गेलं. एका लग्नाच्या पंगतीनंतर कुणीतरी प्लॅस्टिकची एक लाल खुर्ची निंबाखाली विसरून गेलं. चारला मी गेले तर बापजी फळीला पाठ लावून उभे आणि कपाळाला घाम.

"ती खुर्ची उचल आठून. सकायपाईन मन्हाकडे देखी ऱ्हायनी."

मी उचलून देवळामागे ठेवली. मग त्यांनी जे विचारलं, ते मी कुणालाच कधी सांगितलं नव्हतं.

"बाई, सपनमा बठं तर व्रत मोडस का?"

"मला गोळ्या-इंजेक्शनचं विचारा, बापजी."

"रोज एकच सपन पडस. मी मळाना बांधवर बठेल शे. पाय पाटना पानीमा सोडेल शेतस."

"अन् मंग?"

"मंग काय, जाग येस."

लोकांना वाटायचं, साधूला मोह पडतो तो बाईचा नाहीतर पैशाचा. या माणसाला बांधावर बसायचा मोह पडला होता. मी जखम धूत राहिले. वर बघायचं धाडस झालं नाही.

माझं काम मात्र मी चोख केलं. जखमा वाढू दिल्या नाहीत, जंतू शिरू दिले नाहीत, पायांना सुती पट्ट्या अशा बेताने गुंडाळल्या की सूज गुडघ्याच्या वर चढली नाही. तालुक्याहून एकदा डॉक्टर आले, त्यांनी पाय उलटसुलट तपासले. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, तुम्ही इतकी चांगली ड्रेसिंग केली नसती ना, तर हा माणूस तिसऱ्याच वर्षी बसला असता." मला त्यांचा भयंकर राग आला. आठवडाभर मी घरात भांडी आपटत होते. खरं बोलणाऱ्या माणसाचाच इतका राग येतो.

बारावं वर्ष संपत आलं तसे बापजी पुन्हा बोलू लागले. मला हळूच म्हणाले, "शिवरातले नारळ फुटी, अन् मी सरळ भाभीना ओटावर जाईसन बठसू. कोनी काही बोलानं नही. फक्त बठसू." भाभींनी एक जुनी बाज काढून तिला नवा काथ्या विणून घेतला होता. मी पायाखाली ठेवायला दोन उश्या शिवल्या. आम्हा तिघांचंच ते गुपित होतं. व्रत संपल्यावर बसायचं यात गुपित ठेवण्यासारखं काय होतं, हे तेव्हा आमच्या डोक्यातच आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

शिवरात्रीला मांडव पडला. सारंगखेड्यापासून शहाद्यापर्यंतचे लोक आले. पारण्याला वरणबट्टीचा भंडारा, भजनी मंडळं, ट्रॅक्टर भरभरून बायका. मीही मान मिळालेल्यांपैकी. 'बापजींची सेवा करणाऱ्या सिस्टर' म्हणून मला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मी शाल अंगावरून काढलीही नाही.

नारळ फुटला. बापजींनी फळीवरून हात काढले. मी पाहत होते, त्यांनी उजवा पाय भाभींच्या घराच्या दिशेने उचलला. तेवढ्यात आप्पांनी माईक हातात घेतला. आप्पा वाईट माणूस नाही. आप्पांचं बापजींवर खरंखुरं प्रेम होतं, आणि सगळा घोटाळा त्यानेच झाला. "भाविक हो," आप्पा म्हणाले. "आपल्या बापजींनी या क्षणी दुसऱ्या तपाचा संकल्प केला आहे! अजून बारा वर्षं!"

त्याबरोबर टाळ्यांचा आणि जयघोषाचा जो गजर उठला, त्याने मांडवाचे बांबू हलले. बायका रडू लागल्या. लोक लोटांगण घालू लागले. बापजींचा पाय तसाच अर्धा उचललेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडेच पाहिलं, यात शंका नाही. मी माईकपासून चार पावलांवर होते. 'थांबा, त्यांना विचारा तरी,' एवढंच बोलायचं होतं. मी शाल सावरली. बापजींनी पाय खाली ठेवला, हात वर करून सगळ्यांना आशीर्वाद दिला आणि परत फळीला टेकले.

संध्याकाळी मी आप्पांना गाठलं. "न विचारता कसं सांगितलं तुम्ही?" आप्पांना माझा प्रश्नच कळला नाही. "त्यासना मननं माले समजस, सिस्टर. इचारानं काय त्यामा?" गावात कुणी बापजींना कधी काही विचारत नसे. विचारणं म्हणजे शंका घेणं, असं त्यांना वाटे. बारा वर्षांत कुणी 'पाणी हवं का' असंही विचारलं नव्हतं, थेट तांब्या पुढे धरायचे.

दुसऱ्या दिवशी चारला मी पट्टी सोडत होते. बापजी वरून म्हणाले, "रनाळेवाली, बठाना मोह मी बारा वरीस जिंका. काल टाळ्या पडन्यात, अन् एक घडीमा हारी गऊ."

"आता सांगा ना मग. मी सांगू?"

"नको. आते बठनू तर मांगला बारा वरीस बी वाया जातीन. लोके म्हनतीन, बापजी थकी गया."

"म्हणू देत."

पुरातून दोन्ही बाजूंनी पोहून आलेला माणूस तो. भाभींची बाज त्यांच्या ओट्यावर उभी करून ठेवलेली होती, ती तशीच राहिली.

पुढचं दीड वर्ष मी थोडक्यात सांगते. डाव्या पायाची बोटं काळी पडली. मी नंदुरबारच्या दवाखान्यात न्या म्हणून ओरडले. आप्पा म्हणाले, "बापजी हो म्हणाले तर आत्ता गाडी काढतो." बापजी आप्पांकडे बघायचे, भोवती हात जोडून उभ्या असलेल्या माणसांकडे बघायचे आणि मान हलवायचे. एकटे असताना माझ्याशी कबूल करायचे, चौघांसमोर नाही म्हणायचे. मी एकदा चिडून सांगितलं, उद्यापासून मी येणार नाही. तीन दिवस गेले नाही. मनात होतं, पट्टी नसली तर बसतील. चौथ्या दिवशी भाभी दारात आल्या, म्हणाल्या ताप भरलाय आणि तसेच उभे आहेत. गेले मी. काय करणार होते? पट्टी बांधली.

पाय अंग धरेना, तेव्हा गावाने आणखी एक सोय केली. खाटेच्या नवारीचा रुंद पट्टा शिवून त्यांची कंबर निंबाच्या खोडाला बांधली, म्हणजे तोल जायला नको. मी आप्पांना विचारलं, याला उभं राहणं म्हणतात का? आप्पा गंभीरपणे म्हणाले, "पाय जमीनले टेकेल शेतस ना?" अशा माणसाशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

कापूस वेचणीचे दिवस होते. मी नेहमीप्रमाणे चारला गेले. शेतातून परतणाऱ्या आठ-दहा बायका रांगेत होत्या, एकेक जण पुढे होऊन बापजींच्या पायांवर डोकं ठेवत होती. बापजी फळीवर मान टेकवून. मी खाली बसले, पट्टी सोडायला घोट्याला हात लावला, आणि हात तिथेच थांबला. पाय गार होता. पिंढरी कडक होऊ लागली होती. निदान दोन-तीन तास तरी झाले असावेत. दोन-तीन तास गाव मेलेल्या माणसाचं दर्शन घेऊन जात होतं, आणि त्यांच्यात काही बदललंय असं कुणाला वाटलं नव्हतं. माझ्या मागची बाई म्हणाली, "सिस्टर, जरा सरका, माले पाय पडू द्या." मी तिच्यावर किंचाळले. मग तिथेच त्यांच्या पायांशी बसून मोठ्याने रडले.

साधूला जाळत नाहीत, समाधी देतात. दुसऱ्या दिवशी सकाळी देवळामागे जेसीबीने खड्डा घेतला. मी उपकेंद्रातून आले तेव्हा खड्ड्याभोवती माणसं जमलेली होती आणि खाली बघून आपसांत बोलत होती. मीही वाकून बघितलं. आठ फूट खोल आणि हात-दीड हात रुंद. क्षणभर मला काही कळलं नाही. मग कळलं. साधूला मांडी घालून, बसवून पुरतात, ही सगळीकडची रीत. पण ज्यांनी दोन तपांचा संकल्प केला, त्यांना बसवायचं कसं? म्हणून गावाने एकमताने ठरवलं होतं, बापजी उभेच जातील. उभी समाधी. आजूबाजूच्या कुठल्याच गावात अशी समाधी नव्हती, हेही दोघांनी मला अभिमानाने सांगितलं.

"बसवा त्यांना," मी म्हणाले.

कुणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हणाले, या वेळी ओरडून. आप्पा समजावायला आले, "सिस्टर, व्रत मोडी जाई."

"त्यांना बसायचं होतं, आप्पा. नारळ फुटल्या दिवशी बसायचं होतं. भाभींच्या ओट्यावर. तुम्ही माईकवर बोललात, आणि मी चार पावलांवर उभी राहून गप्प बसले. रोज स्वप्नात ते मळ्याच्या बांधावर बसायचे. मला स्वतः सांगितलंय त्यांनी."

आप्पांचं तोंड उतरलं. गर्दीतून कुणी म्हणालं, आता मेलेल्या माणसाच्या नावावर काहीही सांगता येतं. ते खरंच होतं. ते जिवंत असताना मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे कसलाही पुरावा नव्हता, आणि खड्ड्याच्या काठावर माणसं बापजींना उचलायला वाकली होती.

तेव्हा भाभी पुढे आल्या. त्यांनी डोक्यावरचा पदर नीट केला, आप्पांसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या दिराकडे बोट दाखवून अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "बठाडा त्याले. मन्हा देर दमी गया."

आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग बापजींकडे. मला वाटतं तेरा-चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच बापजींच्या पायांकडे पाहिलं. जेसीबीवाल्याला त्यांनी हाताने खूण केली, खड्डा रुंद कर.

पण बसवायचं म्हटल्यावर पाय वाकेनात. इतक्या वर्षांचे आखडलेले गुडघे, त्यात मरणाचा ताठरपणा. चार तगडी माणसं जोर लावून थकली. कुणीतरी म्हणालं, बघा, बापजींची इच्छाच नाही. मी त्या सगळ्यांना बाजूला सारलं. गरम पाणी मागवलं, तेल मागवलं, भाभींची बाज ओट्यावरून आणवली आणि तिच्यावर त्यांचे पाय मांडीवर घेऊन बसले. ज्या हातांनी त्यांना इतकी वर्षं उभं ठेवलं, त्याच हातांनी मी ते गुडघे चोळत राहिले. भाभी पाणी ओतत होत्या. ऊन डोक्यावर आलं. आधी उजवा गुडघा सैल झाला, मग कितीतरी वेळाने डावा.

मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणाले, "बठा, बापजी. आते कोनी टाळ्या वाजाडाव नही."